दार न उघडण्याची परीक्षा

राजुल माझ्या डोक्याशी मांडी घालून बसली होती आणि बाहेर चौगुलेवहिनी दार वाजवत होत्या.

“राजुल, काय पडलं गं एवढं?”

राजुलनं वाकून माझ्याकडे बघितलं. मग दाराच्या दिशेनं तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, “बाबा पडलेत.”

“पडलेत? लागलं का कुठं? दार उघड बघू आधी.”

“नाही उघडणार, काकू. परीक्षा आहे.”

स्वयंपाकघराच्या फरशीवरून मला पुढच्या खोलीतल्या दाराचा खालचा हातभर भाग दिसत होता. दाराखालच्या फटीत वहिनींच्या पावलांची सावली होती. ती हलत नव्हती. मग वहिनी बोलल्या, ते माझ्यासाठी होतं.

“भावजी, आता पुरे करा हं हे. लेकराच्या जिवाशी नुसता खेळ चाललाय. मी कुकर तसाच टाकून आलेय.”

चपला जिना चढून वर गेल्या.

“गेल्या,” राजुल मला म्हणाली. ती खूश दिसत होती.

ही १९९४ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. दुसरा शनिवार होता. सांगलीत विश्रामबागेत एका तीन मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही राहायचो. मी, माझी बायको पद्मजा आणि नऊ वर्षांची राजुल. मी एक्केचाळीसचा होतो. पद्मजा एका वाचनालयात ग्रंथपाल होती, शनिवारी दोनपर्यंत तिची ड्यूटी असे. राजुलची वार्षिक परीक्षा संपलेली आणि मला सुट्टी, म्हणून घरी आम्ही दोघंच होतो. पावणेअकराच्या सुमाराला मी चहा टाकला. पातेलं उतरवायला सांडशी उचलली ती हातातून निसटली. ती घ्यायला वाकलो तर उजवा पाय जागेवर नव्हताच. ओट्यावरचा पोह्यांचा डबा घेऊन मी खाली आलो. चौगुलेवहिनींनी ऐकला तो त्या डब्याचा आवाज.

दुखलं असं काही नाही. मी राजुलला हाक मारायला तोंड उघडलं आणि घशातून एक घोगरा, बिनशब्दाचा आवाज निघाला. नाव मला माहीत होतं. ते उच्चारायचं कसं तेच सापडेना.

ती धावत आली. मला बघून एक क्षण दारातच थांबली, तिचा चेहरा उतरला. मग तिनं आधी गॅस बंद केला. शेगडीचं बटण, मग सिलिंडरचा रेग्युलेटर, शिकवलेल्या क्रमानं. पुढच्या खोलीत जाऊन दाराच्या तिन्ही कड्या लागलेल्या आहेत ना ते बघून आली. मग माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, “बाबा, परीक्षा आहे ना?”

मी पुन्हा तोच आवाज काढला. ती हसली.

“असा आवाज काढलात तरी मी उघडणार नाही.”

या परीक्षा काय होत्या ते सांगायला हवं. मी कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात नोकरीला होतो. जिल्ह्यात कुठल्याही कारखान्यात अपघात झाला की त्याचा अहवाल नीट भाषेत लिहून वर पाठवायचा, हे माझं काम. कुणाचा हात पट्ट्यात गेलेला, कुणी टाकीत उतरून गुदमरलेला. अहवालाच्या शेवटी एक रकाना असे, ‘अपघात टाळता आला असता काय?’ सोळा वर्षांत मी त्या रकान्यात एकदाही ‘नाही’ लिहिलं नव्हतं.

राजुल झाली आणि मी घराकडेही तसंच बघायला लागलो. गच्चीला कुलूप लावून घेतलं. बाल्कनीला वरपर्यंत जाळी बसवली. सहा वर्षांची होईपर्यंत तिला द्राक्षं अर्धी कापून देत होतो. तिच्या वर्गातल्या मुली कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिली आणायच्या, राजुलला मी तिथं पाठवत नसे. ती कुणाच्या वाढदिवसाला गेली तर मी तिथल्या जिन्यात उभा राहायचो. तळमजल्यावरचे जमादारकाका एस्टीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. ते येता-जाता तिला श्रीखंडाची गोळी द्यायचे. मी त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं, मुलीला काही देत जाऊ नका. त्यांनी मान हलवली आणि देणं बंद केलं.

पेपरात कुठं मूल पळवल्याची बातमी आली की ती कापून मी फाईलला लावायचो. त्यातली बहुतेक गावं मी पाहिलेलीही नव्हती. आमच्या इमारतीत अकरा वर्षांत एवढंच घडलं होतं की चौगुल्यांची वाळत घातलेली एक सतरंजी वाऱ्यानं उडाली ती सापडली नाही.

“कशाला भिववता तिला एवढं?” पद्मजा म्हणायची. “परवा झोपेत कड्या मोजत होती.”

“मोजू दे की,” मी म्हणायचो.

पहिली परीक्षा त्या एप्रिलच्या आदल्या दिवाळीच्या सुट्टीत झाली. माझ्या ऑफिसातले खोत म्हणून होते, राजुलनं त्यांना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना घरी पाठवलं आणि स्वतः जिन्यात उभा राहिलो. पद्मजा कामावर होती. खोतांनी दार वाजवून सांगितलं, तुझ्या बाबांना अपघात झालाय, तुला दवाखान्यात न्यायला आलोय. राजुल रडत रडत कड्या काढून बाहेर आली आणि समोर मी. मी तिला मारलं नाही, मी तिला कधीच मारलं नाही. फक्त फाईल काढली आणि तिला समोर बसवून त्यातल्या बातम्या एकेक करून तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. खोत चहा न घेताच गेले.

दुसरी जानेवारीत झाली. मी पुढच्या खोलीत बेशुद्ध पडल्यासारखा पडून राहिलो. ती किंचाळत वर गेली आणि चौगुलेवहिनींना घेऊन आली. वहिनी तशाच पिठाच्या हातांनी आल्या होत्या. मी उठून बसलो तेव्हा त्या भिंतीला टेकल्या आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या रात्री मी राजुलला नीट समजावून सांगितलं. “मी शुद्धीत नसेन तेव्हा तुझं रक्षण कोण करणार? कुणीच नाही. म्हणजे तेव्हाच सगळ्यात जास्त जपायचं. मला काहीही झालं तरी आई येईपर्यंत दार उघडायचं नाही.”

“काहीही झालं तरी?”

“काहीही.”

मला तेव्हा हे बोलणं बिनचूक वाटलं होतं.

तर त्या शनिवारी ती माझ्याजवळ बसून राहिली. आमच्याकडे फोन नव्हता, अर्ज करून चार वर्षं झाली होती. तिनं माझ्या डोक्याखाली उशी दिली. चित्रकलेची वही आणून थोडा वेळ चित्र काढलं. “डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल, बाबा. मला कळलंय,” ती म्हणाली. माझ्या ओठाच्या बधिर झालेल्या कोपऱ्यावर माशी बसत होती ती दोन-तीनदा हाकलली. मी हाकलत नाही हे तिला विचित्र वाटलं असावं, कारण तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. मग ती म्हणाली, “तुम्ही खूप छान करताय.”

मला सगळं ऐकू येत होतं आणि कळत होतं. बारा वाजता पलीकडच्या शाळेची घंटा झाली. ती उठून पोळीभाजी खाऊन आली. मलाही तिनं चमच्यानं पाणी पाजलं. ते श्वासात गेलं, मी ठसकलो. खोकला थांबेना. ती मागे सरकली आणि परत पाणी दिलं नाही. चमचा मात्र धुऊन जागेवर ठेवला.

त्यानंतर केव्हातरी माझा पायजमा ओला झाला. मला ते झालेलं कळलं नाही, तिच्या तोंडाकडे बघून कळलं. तिनं बघितलं आणि लगेच मान वळवली. थोड्या वेळानं आतून जुनी चादर आणून माझ्या कमरेवरून पायांपर्यंत पसरली. ती आणताना आणि पसरताना तिनं माझ्याकडे बघणं टाळलं. मग ती मघासारखी डोक्याशी बसली नाही. ओट्याला पाठ लावून, गुडघे पोटाशी धरून लांब बसली आणि बोलायची थांबली.

एक वाजून गेल्यावर दारावर टकटक झाली. हळू, दोनदाच.

“राजुल, मी जमादारकाका. दार नको उघडूस.”

राजुल उठून पुढच्या खोलीत गेली. “नाहीच उघडणार.”

“बरोबर आहे. मी हितं पायरीवर बसतो. चालंल?”

“चालेल.”

चौगुलेवहिनींच्या मनातून ती गोष्ट जात नव्हती. जेवण झाल्यावर त्यांनी खाली जाऊन जमादारांना सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं.

“बाबा काय करायला लागलेत?”

“झोपलेत. स्वयंपाकघरात, खाली.”

“डोळे मिटून?”

“उघडे आहेत. बघतायत.”

“कधीपासनं?”

“अकराच्या आधीपासून.”

जमादार म्हणजे बत्तीस वर्षं घाटातून गाडी चालवलेला माणूस, त्यांच्या बोलण्यात मी कधी घाई ऐकली नव्हती. तेव्हाही नव्हती.

“राजुल, जरा बघून सांग. त्यांचं तोंड दोन्हीकडनं सारखं दिसतंय का?”

ती आत आली, वाकली, परत गेली. “एका बाजूला वाकडं केलंय.”

“केलंय का झालंय?”

तिनं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली.

“बरं, असू दे. त्यांना म्हण, काका सांगतात दोन्ही हात वर करा.”

ती दारातून माझ्याकडे वळली. “बाबा, काका सांगतात दोन्ही हात वर करा.”

मी डावा हात वर केला. उजव्याला सांगितलं. तो माझ्या शेजारी फरशीवर पडलेला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

“एकच केला.”

“दुसरा तू धरून वर कर. आणि सोड.”

तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी उचललं आणि सोडलं. हात फरशीवर आपटला, बोटांच्या सांध्यांचा टणक आवाज झाला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कळवळेन अशी ती वाट बघत असावी.

“पडला,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

“हं. आता एक शेवटचं विचारतो. बाबांचे कपडे ओले झालेत का?”

तिनं चादरीचं टोक ओढून सारखं केलं.

“मी चादर घातलीय,” ती म्हणाली.

“चांगलं केलंस. शहाणी आहेस. परीक्षा घेताना तुझे बाबा असं करतील का?”

“नाही.”

“मग आता तू सांग काय करायचं. मी आईला आणायला जातो. जाऊन येऊन अर्धा तास लागंल. तोवर तू दार लावून बस. नाहीतर आत्ता उघड. तू म्हणशील तसं करू.”

ती माझ्याकडे आली. गुडघ्यावर बसून तिनं तोंड अगदी जवळ आणलं.

“बाबा, उघडू?”

माझ्या डोळ्यांत तिला काय दिसलं ते मला माहीत नाही. दाराबाहेर एक पुरुष उभा आहे आणि घरात ही एकटी आहे, हा विचार तेव्हाही माझ्या डोक्यात होता. हे मी आजवर पद्मजालाही सांगितलेलं नाही.

राजुल उठली. मोरीतलं स्टूल फरपटत नेल्याचा आवाज आला. वरचा बोल्ट, मधली साखळी, खालची कडी. मग उजेड फरशीवरून माझ्यापर्यंत आला.

जमादार आत आले आणि दारापाशीच भिंतीला चिकटून उभे राहिले, तिला जायला वाट ठेवून. “वर चौगुलेकाकूंकडं जा. काकांना म्हणावं खुर्ची घेऊन या. आणि तू वरच थांब,” ते म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाही. मी सांगितलेलं ते विसरले नव्हते.

त्या दोघांनी मला खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि चौगुल्यांच्या भावाच्या टेम्पोतून मिरजेला नेलं. पद्मजा तिथं आली तेव्हा अडीच वाजले होते. डॉक्टर तरुण होते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवं अंग आणि बोलणं गेलं, असं त्यांनी सांगितलं.

“आधी आणलं असतं तर?” पद्मजानं विचारलं.

“सांगता येत नाही. थोडा फरक पडला असता. कदाचित नसताही पडला.”

पद्मजा मला काही म्हणाली नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. घरी जाऊन तिनं ती फाईल शोधली आणि बंबात घातली, हे चौगुलेवहिनींनी सांगितलं. वहिनी मला बघायला आल्या तेव्हा खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत राहिल्या. “मला वाटलं नेहमीसारखंच,” एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मला एक शब्द आला. नर्सनं विचारलं, “दुखतंय का?” आणि मी म्हणालो, “हो.” दुखत नव्हतं. मला ‘नाही’ म्हणायचं होतं. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ‘हो’ आलं. पाणी हवं असलं तरी ‘हो’, नको असलं तरी ‘हो’. डॉक्टरांनी पद्मजाला समजावलं की असं होतं. एखादाच शब्द मागे राहतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. त्याच्या मनात दुसरं असतं आणि तोंडातून तेच येतं.

वॉर्डात लहान मुलांना सोडत नसत. सहाव्या दिवशी मला दोन खाटांच्या खोलीत हलवलं, तेव्हा पद्मजा राजुलला घेऊन आली. राजुलनं शाळेतला पांढरा फ्रॉक घातला होता आणि दोन घट्ट वेण्या. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. पद्मजा खिडकीपाशी डब्यातली पेज वाटीत काढत होती.

“बाबा,” राजुल म्हणाली.

“हो,” मी म्हणालो.

ती एक पाऊल पुढे आली. चादरीवर पडलेल्या माझ्या उजव्या हाताकडे तिनं बघितलं.

“मी दार उघडलं नाही म्हणून तुमचा हात असा झाला का?”

मला माझं उत्तर माहीत होतं. ते मी तोंडात जुळवलं, जिभेवर ठेवलं, दात दाबून धरलं आणि सोडलं.

“हो.”

राजुल रडली नाही. तिनं मान हलवली, हिशेबाचं उत्तर ताडून बघताना हलवायची तशी.

पद्मजा वळली होती. तिनं वाटी खिडकीत ठेवली, येऊन राजुलच्या शेजारी उभी राहिली आणि मला सरळ आवाजात विचारलं, “अहो, तुम्ही हत्ती आहात का?”

“हो.”

राजुलनं आईकडे बघितलं.

“मी तुमची मावशी आहे का?”

“हो.”

“आज गणपती आहेत का?”

“हो.”

“बघितलंस?” पद्मजा राजुलला म्हणाली. “त्यांना एवढंच येतंय सध्या. काहीही विचारलं तरी तेच म्हणणार. विचारून बघ.”

राजुलनं ओठ आत ओढले. मग विचारलं, “बाबा, तुम्हाला शेपूट आहे का?”

“हो.”

तिच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच त्याचं रडणं झालं. पद्मजानं तिला जवळ घेतलं. ती आईच्या पोटात तोंड खुपसून बराच वेळ रडली. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे भिंतीकडे वळून झोपल्यासारखे पडून राहिले.

रडणं थांबल्यावर तिनं फ्रॉकनं नाक पुसलं आणि परत प्रश्न सुरू केले. बाबा, तुम्ही चंद्रावर गेला होता का, बाबा, तुम्हाला कारलं आवडतं का. मी हो, हो म्हणत गेलो. ती मोठ्यानं हसत होती. घरी मी तिला इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. मग ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत, आवाज खाली आणून तिनं विचारलं, “बाबा, मी सायकल शिकू?”

मी ओठ घट्ट मिटले. नाकातून श्वास घेतला. डोकं उशीवर हलवायला गेलो, तेही मनासारखं हललं नाही.

“हो,” मी म्हणालो.

“म्हणाले गं हो,” पद्मजा म्हणाली. ती हसत नव्हती. “मी साक्षीला आहे.”

मे महिन्याच्या मध्यावर मला घरी आणलं. संध्याकाळी चौगुले आणि जमादार मला खुर्चीसकट खाली उतरवून गेटपाशी बसवायचे, हवा लागावी म्हणून. जमादार रोज कोपऱ्यावरून एक लहान सायकल भाड्यानं आणायचे आणि सीट धरून राजुलच्या मागं पळायचे. साठी ओलांडलेला माणूस, लुंगी वर खोचून पळायचा. ती दोनदा गुलमोहराला धडकली. एकदा गटारात गेली. मी गेटपाशी बसून बघायचो.

एका संध्याकाळी जमादारांनी सीट सोडली. तिला ते कळलं नाही. ती हँडल दोन्ही बाजूंना हेलपाटत पुढे गेली आणि मला गल्लीच्या टोकाला पाण्याचा टँकर मागे येताना दिसला. टँकर अजून बराच लांब होता, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त त्याची मागची चाकं दिसत होती आणि तिची पाठ. जमादार दम खात वाकून उभे होते, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून अर्धा उठलो. थांब, म्हणायचं होतं. राजुल, थांब. मागे फिर. मी छाती फुटेल इतक्या जोरानं ओरडलो.

“हो. हो. हो. हो.”

गल्लीतले लोक बाहेर आले. राजुलनं मागे वळून बघितलं नाही, पण तिला ऐकू गेलं होतं. तिची पाठ ताठ झाली, हँडल सरळ झालं आणि ती जोरजोरात पॅडल मारायला लागली. टँकरच्या अलीकडून ती डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

मी खुर्चीत कोसळलो. पद्मजा वरून धावत आली. जमादार म्हणाले, “काही नाही वहिनी, पोरगी सुटली.” ती पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून सहा-सात मिनिटांनी आमच्या मागच्या बाजूनं आली. गुडघा फुटला होता, मोज्यापर्यंत रक्त आलं होतं. उतरायचं कसं ते शिकवलेलं नव्हतं, म्हणून तिनं सायकल सरळ गेटावर घातली आणि थांबली.

“बाबा, तुमचा आवाज ऐकला मी,” ती धापा टाकत म्हणाली. “मी थांबणारच होते. मग तुम्ही ओरडलात.”

मी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

“हो,” मी म्हणालो.

‘नाही’ हा शब्द मला ऑक्टोबरात आला. त्यानंतर इतरही येत गेले. आता मी सावकाश पण नीट बोलतो, उजव्या हातानं सही करता येते. जमादार आणि पद्मजा दोघंही आता नाहीत. राजुल पुण्याला असते, तिच्या मुलीला आठवं वर्ष लागलंय. मी वर्षातले तीन-चार महिने त्यांच्याकडे असतो. त्या दाराबद्दल राजुल कधी बोलत नाही. मी एकदा विषय काढला होता, तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही हत्ती होता बाबा तेव्हा,” आणि उठून भाजी निवडायला गेली.

सायकलीची गोष्ट मात्र ती सगळ्यांना सांगते. परवा जेवताना नात म्हणाली की पोहायला खोल बाजूला जायची तिला भीती वाटते. राजुल तिला वाढता वाढता म्हणाली, “माझे बाबा अर्धं अंग लुळं पडलेलं असतानाही खुर्चीतून उठून ओरडत होते, जा, पुढे जा, जा म्हणून. सगळी गल्ली साक्षीला आहे. विचार त्यांना.”

नातीनं माझ्याकडे बघितलं. “खरंच, आजोबा?”

“हो,” मी म्हणालो, आणि ताटात बघून जेवत राहिलो.